जिवावरचं शेपटावर

मी दारात चपला काढत होते, तोच आतून मावशींचा आवाज आला, "गेला बघा आणखी एक! जिवावरचं शेपटावर गेलं!"

आवाजात दुःख नावाला नव्हतं. घरात पेढे आल्यासारखा आनंद होता. मावशी म्हणजे माझ्या नंदाअक्काच्या सासूबाई, निलाबाई बुरांडे. डोक्याला ओलं फडकं बांधून त्या दिवाणापाशी उभ्या होत्या. हातात चहाची गाळणी आणि गाळणीत एक सोनेरी मासा. अंगावर डाग नाही, पर झडलेले नाहीत, पोट फुगलेलं नाही. इतका निरोगी मेलेला मासा मी तोवर पाहिला नव्हता.

"उमा, आलीस का गं माय? पाय धू आधी. अक्का सकाळपासून दाराकडंच बघलालीय."

"मावशी, ती गाळणी चहाची ना?"

"जुनी हाय. आता माशाचीच केली," असं म्हणून त्या मासा पुरायला गॅलरीतल्या कुंडीकडे गेल्या.

अक्का दिवाणावर कुशीवर पडली होती. मला बघून हसली, पण उठली नाही. उठायची परवानगीच नव्हती तिला. पोट तेवढं वर आलेलं, बाकीची अक्का कुठे गेली ते शोधावं लागेल अशी तब्येत. उशाशी लोखंडी स्टँडवर काचेची टाकी. टाकीत उरलेले थोडे सोनेरी मासे आणि एक काळा, सगळे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते.

लिंगायताच्या घरात माशांची टाकी कशी आली ते सांगायला हवं. अक्काला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पाचव्याच्या आतच सगळं संपलं होतं. आता सातवा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पडून राहायचं, पाय खाली टेकायचा नाही. तेवढ्यावर मावशींचा जीव भरेना. त्यांनी एक वास्तुवाला गाठला. तो म्हणाला, पोटुशी बाई जिथं झोपते तिथं उशाशी मासे ठेवा, सोनेरी, आणि त्यांत एक काळा. घरावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. मेला तर हळहळायचं नाही, का मेला म्हणून विचारायचं नाही, मुकाट्यानं दुसरा आणून सोडायचा.

आणि मी नेमकी उदगीरला मत्स्यविज्ञान शिकत होते. औशाला आमच्या घरात कधी अंडं फुटलं नव्हतं. प्रवेश मिळाला म्हणून गेले, मग आवडलं. बायका आईला विचारायच्या, पोरगी मासे धरायला शिकते का गं? मी आईच्या आधी सांगायची, नाही, मासे जगवायला. दाजी मला माशांची डॉक्टरीण म्हणून चिडवायचे. अक्कानं मात्र फोनवर चिडवलं नव्हतं. ती म्हणाली होती, "सुट्टी लागली की औशाला जाऊ नको, आधी लातूरला ये. इथं मासे मरायलेत आणि सगळे खूश आहेत. मला भीती वाटते."

मावशी गॅलरीत आहेत असं बघून तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता, मे महिन्यात.

"उमा, शोधून काढ ना काय होतंय त्यांना. मी दिवसभर इथं पडून त्यांच्याकडंच बघते. आधी वर येतात, तोंड वासतात, मग वाकडे होतात. मलाही तसंच होतं कधी कधी. छाती कोंडते."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. लेकरू वर सरकलं की कोंडतंच म्हणाल्या. उलट्या होतात ते सांगितलं, तर म्हणाल्या काहींना शेवटपर्यंत होतात." तिनं पोटावर हात ठेवला. "आज हललं नाही गं फारसं."

मावशी पदराला हात पुसत आत आल्या. त्यांनी तेवढं ऐकलं होतं. "ऊन केवढं पडलंय बघ. आपल्याला सुस्ती येते, त्याला येणार न्हाई का? माझंच डोकं चार दिवसांपासून ठणकलालंय. झोपलंय ते. झोपू दे."

खोलीच्या खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, पंखा गरगरत होता. झळ येऊ नये म्हणून दुपारभर असंच असायचं. आत आल्यापासून मला वास येत होता. माशाचा म्हणावा तर माशाचा, त्यात लसूण सोलून ठेवावा तसा काहीतरी उग्रपणा. घरात माशाचा वास म्हणजे मावशींच्या दृष्टीनं बाटणंच, पण लेकरासाठी त्यांनी तोही गिळला होता.

"मावशी, वास येतोय ना?"

"मासे म्हटल्यावर वास येणारच की बाई. आणि हिचं तर ऐकूच नको. पोटुशी बाईला देव्हाऱ्यातल्या फुलांचाही वास येतो."

मी टाकीचं झाकण काढलं आणि नाक पाण्याला लावलं. मावशींनी "शिव शिव" म्हणून तोंड फिरवलं. पाण्याला कसलाच वास नव्हता. काचेसारखं स्वच्छ पाणी. माशाच्या वासाशी माझी घरच्यासारखी ओळख होती. मासा सडला की वास पाण्यात आधी उतरतो, मग खोलीत पसरतो. इथे पाणी कोरं होतं आणि खोली भरलेली होती. मला ते चमत्कारिक वाटलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

मग मी माझ्या पिशवीतल्या तपासणीच्या बाटल्या काढल्या. पहिला संशय टँकरच्या पाण्यातल्या क्लोरीनवर. दाजी पाणी पिंपात शिळं करून मगच टाकीत घालायचे, तेव्हा तो संशय फिटला. पाण्यात थेंब टाकून बघितले, रंग जसा यायला हवा तसाच आला. खाणं मोजकं पडत होतं. मच्छरची वडी, उदबत्ती, धूप, सगळं अक्कासाठी बंद होतं. रोग म्हणावा तर अंगावर एक खूण नाही. जे जे कॉलेजात शिकवलं ते सगळं तपासून झालं आणि मासे माझ्यासमोर आ वासून मरत होते. मला रागच आला त्यांचा.

"काय शोधलालीस?" मावशींनी ताट वाढता वाढता विचारलं.

"का मरतात ते."

"का म्हणून विचारायचं न्हाई. सांगितलंय त्यानं. विचारलं की संकट परत फिरतं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "उमा, तू शिकलेली हायस, तुला हसू येत असंल. पण मागच्या दोन्ही वेळेला घरात मासे नव्हते. दोन्ही लेकरं गेली. यंदा माशावर निभावलालंय. मला मासा मरतो का राहतो, काय करायचंय? माझं लेकरू राहू दे."

मी पोळीचा तुकडा मोडला. पोळी फार छान झाली होती, तसं म्हटलं.

"नवा गहू हाय," मावशी खूश झाल्या. "दरसाल मी आणि ही, दोघी मिळून एरंडेल चोळून भरतो गहू. हात लाल होतात चोळून चोळून. यंदा हिला हात लावू देणार हाय का मी? आणि माझ्या एकटीच्यानं होतंय का? भाच्याची धान्याची अडत हाय मोंढ्यात. त्याला म्हटलं, काहीतरी सोय कर रे. त्यानं गोळ्या दिल्या त्यांच्या गोदामातल्या. फडक्यात बांधून ठेवल्या की किडा फिरकत न्हाई. भरून मोकळी झाले."

"बरं केलंत," मी म्हणाले. गव्हाकडे माझं लक्ष नव्हतं.

जेवण झाल्यावर मी बादली मागितली. टाकीतलंच पाणी घेऊन एक मासा स्वयंपाकघरात ठेवून बघायचा होता. पाणी वाईट असेल तर तो तिथेही मरेल, नसेल तर राहील. सोनेरी मासे सगळे मरणाच्या वाटेवर होते. त्यातल्या त्यात काळा धड होता, म्हणून मी त्याला धरायला गेले.

मावशी आडव्या आल्या. "काळा हलवायचा न्हाई! तोच तर राखण करतोय."

"एकच दिवस, मावशी."

"एक घटका न्हाई."

"आत्याबाई," अक्का उशीवरूनच सासूबाईंना म्हणाली, "नेऊ द्या तिला. मला त्याचं तसं तोंड वासणं बघवत नाही. डोहाळाच समजा माझा."

डोहाळा म्हटल्यावर मावशींचं काही चालेना. पोटुशीचं मागणं मोडलं तर लेकराच्या कानातून पू वाहतो, असं त्या मानायच्या. त्या पुटपुटत बाजूला झाल्या. मी काळ्याला बादलीत घातलं आणि ओट्याखाली ठेवलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

संध्याकाळी दाजी बँकेतून आले. टाकीत डोकावले, काळा नाही बघून चमकले, मी सगळं सांगितलं. ते शांत माणूस. म्हणाले, "बघ बाई, तुझ्या विद्येनं काही झालं तर. मला तर यातलं काहीच कळत नाही. आई म्हणते ते ऐकतो, डॉक्टरीण म्हणते ते ऐकतो." रात्री त्यांनी आणि मावशींनी गॅलरीत अंथरुणं घातली, माझं गच्चीवर पडलं. अक्का आत, दिवाणावर, पंख्याखाली, डास नकोत म्हणून खिडक्या लावलेल्याच. सगळ्यांत चांगली जागा तिची होती.

सकाळी मी आधी बादलीकडे धावले. काळा मासा तळाशी मजेत फिरत होता. मला बघून वर आला आणि तोंड उघडून खाणं मागू लागला. त्याच पाण्यात! मग बाहेरच्या खोलीत गेले, तर टाकीत आणखी दोघे उलटे तरंगत होते. मावशी गाळणी घेऊन हजर होत्या.

"जिवावरचं शेपटावर," त्या म्हणाल्या, पण आज आवाजात कालचा जोर नव्हता. अक्कानं पहाटे दोनदा उलटी केली होती. तिचे ओठ निळसर दिसत होते. डॉक्टरीणबाईंना फोन झाला होता. त्यांनी दुपारी ओपीडी संपली की घरीच येऊन बघते म्हणून सांगितलं होतं. उलटी असताना हलवू नका म्हणाल्या.

मी अक्काच्या पायाशी बसले. पाणी चांगलं आहे हे नक्की झालं होतं. मग टाकीतच काहीतरी होतं, काच, वाळू, काहीतरी. मी बडबडत होते आणि अक्का डोळे मिटून ऐकत होती.

"उमा," ती मध्येच म्हणाली, "एक सांगू? लाईट गेली की ते बरे होतात."

त्या काळी लातूरला रोज सकाळी भारनियमन असायचं. "म्हणजे?"

"लाईट गेली की ते खाली जातात. नीट फिरतात. लाईट आली की परत वर येऊन तोंड वासतात. मी रोज बघते."

"उलटं सांगतेस तू. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो. हवा बंद झाली की त्यांनी तडफडायला पाहिजे. बरे कसे होतील?"

"मला ते माहीत नाही. मी बघते ते सांगते." तिनं जरा दम घेतला. "मलाही तेव्हाच बरं वाटतं. पंखा बंद झाला की आत्याबाई दारं-खिडक्या उघडतात ना."

मी वळून टाकीतल्या बुडबुड्यांकडे पाहिलं. पंप म्हणजे काय, तर खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडणारी डबी. ती हवा थांबली की मासे जगत होते. बादलीला पंपच नव्हता. पाण्यात काही नव्हतंच. जे होतं ते हवेत होतं, आणि पंप ते बुडबुड्याबुडबुड्यानं माशांना पाजत होता.

"पंप कुठे आहे?"

"मागे खिळ्याला अडकवलाय. दिवाणाच्या पाठीशी."

दिवाण आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती. मी गुडघ्यावर बसून त्यात डोकं घातलं. कालचा तो वास तिथे इतका दाट होता की घशात जळजळलं आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. पंप भिंतीवर गुरगुरत होता. त्याच्या समोर दिवाणाची पाठ. प्लायवुड जुनं होऊन सुटलेलं, आणि त्या फटीतून चार गहू खाली सांडलेले.

मी बाहेर आले ती ओरडतच. "अक्का, ऊठ!"

"काय?"

"ऊठ. बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "ए, काय करलालीस? पाय खाली टेकायचा न्हाई तिनं!"

"मावशी, या दिवाणात काय आहे?"

"गहू हाय. दरसाल असतो. दुसरं काय असणार?"

"आणि गोळ्या?"

"त्या गव्हातच हायत की. फडक्यात बांधून."

"त्या गोळ्यांची हवा होते, मावशी! विषारी हवा! गोदामं बंद करून ठेवतात त्या घालून, माणूस आत जात नाही! त्यानंच मासे मरतायत. अक्का त्याच्यावर झोपलीय!"

मावशींना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी अक्काचा एक दंड घट्ट धरला. मी दुसरा धरला होता.

"उठली तर लेकरू जाईल!" त्या किंचाळल्या. "दोनदा गेलंय, उमा! तुझ्या पाया पडते, तिला उठवू नको!"

"नाही उठली तर अक्का जाईल!"

अशी ओढाताण कुणाच्या वाट्याला येऊ नये. म्हातारी असूनही मावशींच्या हातात बळ होतं. अक्का आमच्या मध्ये, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. मग ती शांतपणे म्हणाली, "सोडा, आत्याबाई."

"न्हाई सोडणार."

"सोडा. कालपासून हललंच नाही ते."

मावशींचा हात गळून पडला. अक्कानं पाय खाली टेकले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. ती उभी राहिली, दोन पावलं चालली आणि माझ्या अंगावर कोसळली.

शेजारच्यांनी खुर्चीवर बसवून तिला जिन्यावरून खाली नेलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या श्वासालाही तोच वास येत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. या विषावर उतारा नाही, म्हणाले, शरीर जेवढं झुंजेल तेवढं. पोटावर यंत्र ठेवून बराच वेळ ठोके शोधले. शोधणाऱ्या नर्सनं शेवटी जेल पुसून टाकलं आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेली. दाजी दारात उभे होते. मुलगी होती. ती आदल्या दिवशीच गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी दारात चपला काढत होते त्याच्या आसपास. उठण्यानं काही झालं नव्हतं, हे त्यांनी मावशींना मुद्दाम सांगितलं. मावशींनी मान हलवली, पण त्यांना ते ऐकू गेलं असं मला वाटलं नाही.

अक्का मात्र झुंजली. काही दिवस नुसती काचेपलीकडून दिसायची, नाकातोंडात नळ्या. मग एका सकाळी नळ्या निघाल्या आणि तिला साध्या खोलीत आणलं. तुम्ही वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र काढली असती तर आई हातची गेली असती. दाजी पहिल्यांदाच रडले, तोंडावर रुमाल धरून, खिडकीकडे तोंड करून.

मावशी खाटेजवळ स्टुलावर बसून मोसंबं सोलत होत्या. त्यांच्या तोंडून एवढ्या दिवसांत धड वाक्य निघालं नव्हतं. एक फोड अक्काच्या हातावर ठेवून त्यांनी वर हात जोडले.

"त्याचीच कृपा बाई. तू तरी राहिलीस. जिवावरचं..."

आणि त्या थांबल्या.

अक्का छताकडे बघत होती. मग तिचा आवाज आला, घासलेला, नळ्यांनी सोललेला.

"म्हणा ना पुढचं."

"नंदा..."

"रोज म्हणत होता, आत्याबाई. गाळणी हातात घेऊन म्हणत होता. आताच का अडखळता? म्हणा."

मावशींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मोसंबं मांडीवरून खाली पडून खाटेखाली गेलं.

"शेपूट नव्हतं ते," अक्का म्हणाली. "मुलगी होती. तिला नखं आली होती, नर्सनं सांगितलं मला."

मला वाटलं होतं, तो वास्तुवाला, ते न विचारणं, यावर कधीतरी मी मावशींना सुनवीन. आयुष्यभर पुरेल एवढं सुनवायचं मी मनात ठरवलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांची एवढी कीव आली की बघवेना. सुनेचे हात दुखू नयेत म्हणून त्यांनी गोळ्या आणल्या होत्या. नातवंडाला ऊन लागू नये म्हणून खिडक्या लावल्या होत्या. सगळं मायेनंच केलं होतं.

दुपारी अक्काचे कपडे आणायला मी मावशींना घेऊन घरी गेले. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. दाजींनी माणसं लावून दिवाण मोडून काढला होता, गहू घराबाहेर गेला होता. टाकी रिकामी करून गॅलरीत पालथी घातली होती. कुंडीतली माती उकरलेली तशीच होती. घरात कसलाच वास नव्हता.

मावशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी जाऊन पाहिलं, तर त्या ओट्यापाशी जमिनीवर बसल्या होत्या, बादलीवर वाकून. बादली मी विसरूनच गेले होते. इतके दिवस त्याला कुणी खायला घातलं नव्हतं, पाणी बदललं नव्हतं. तरी काळा मासा जिवंत होता. सावली पडल्याबरोबर वर आला.

"उमा," मावशी म्हणाल्या, "सगळ्यांचं संकट घ्यायला हाच आणला होता. हा का जगला?"

इतक्या दिवसांत त्यांनी 'का' असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बादलीला पंप नव्हता, मावशी. आणि ही खिडकी उघडी होती."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि बादलीत हात घातला. आजवर मासा त्यांनी गाळणीनंच उचलला होता. काळा मासा त्यांच्या बोटांपाशी आला आणि त्यांत काही खायला आहे का ते शोधत राहिला.